बापाचे नाव, कुळाचे नाव

गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेडा तालुक्यात माणसाचे पूर्ण नाव तीन शब्दांचे असते. पहिला शब्द त्याचा स्वतःचा, दुसरा बापाचा आणि तिसरा कुळाचा. सोमा मंगरू मडावी असे नाव असलेल्या माणसाचा मुलगा बुधू सोमा मडावी होतो, आणि बुधूच्या मुलाच्या नावात मधल्या जागी बुधू येतो. तिसरा शब्द पिढ्यानपिढ्या जागचा हलत नाही, मधला मात्र दर पिढीला बदलतो. ही पद्धत सगळ्या महाराष्ट्राची आहे आणि इतकी अंगवळणी पडलेली आहे की तिच्यात सांगण्यासारखे काही आहे असे कोणाला वाटत नाही. पण जगाच्या पुष्कळ भागांत बापाचे नाव असे चालते राहिले नाही. एका पिढीपाशी ते थांबले, गोठले आणि त्याचेच आडनाव झाले. महाराष्ट्रात, आणि विशेषतः चांदा (आजचे चंद्रपूर) आणि गडचिरोली यांच्या झाडी मुलुखात, ते तसे का झाले नाही आणि जिथे झाले तिथे कोणत्या वाटेने झाले, हा आडनावांच्या इतिहासातला महत्त्वाचा प्रश्न आहे.

गोठण्याची ही क्रिया सर्बिया आणि क्रोएशिया या देशांत फार स्वच्छ दिसते. तिथल्या असंख्य आडनावांच्या शेवटी ‘इच’ येते. हा प्रत्यय मुळात लहानपणा दाखवणारा. माणसाच्या नावाला तो लागला की ‘अमक्याचे लेकरू’ असा अर्थ होतो. योवानचा योवानोविच, पेतारचा पेत्रोविच, निकोलाचा निकोलिच, मार्कोचा मार्कोविच. सर्बियात आजही योवानोविच हे सर्वांत जास्त आढळणारे आडनाव आहे. क्रोएशियात पहिला क्रमांक होर्वात या आडनावाचा. त्याचा अर्थच ‘क्रोएट’. पण त्याच्या पाठोपाठच्या आडनावांत युरिच, मारिच, मार्कोविच अशी माणसांच्या नावांवरून आलेली पुष्कळ आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सर्बियातला हा ‘इच’ स्थिर नव्हता. पेतारचा मुलगा योवान पेत्रोविच, तर योवानचा मुलगा योवानोविच, असा तो दर पिढीला बदलत असे. तुर्कांविरुद्धच्या १८०४ च्या उठावाचा पुढारी काराजोर्जे हा पेतारचा मुलगा, म्हणून तो पेत्रोविच. त्याचा मुलगा अलेक्सांदर मात्र पेत्रोविच राहिला नाही, बापाच्या नावावरून काराजोर्जेविच झाला. या अलेक्सांदरच्याच कारकिर्दीत, १८५१ साली, प्रजेने घराण्यातल्या जुन्या, आठवणीतल्या पूर्वजाच्या नावावरून कायमचे आडनाव घ्यावे असा हुकूम निघाला. कर, लष्करभरती आणि न्यायनिवाडा यांसाठी राज्याला न बदलणारे नाव हवे होते. क्रोएशियात हे काम त्याच्या बरेच आधी सुरू झाले होते. १५४५ ते १५६३ या काळात भरलेल्या ट्रेंटच्या धर्मपरिषदेने कॅथलिक चर्चना बाप्तिस्मा आणि विवाह यांच्या नोंदवह्या ठेवायला लावल्या आणि पाद्र्यांच्या लेखणीने आडनावे बांधून टाकली.

अशी बांधलेली नावे नेहमी खऱ्या बापाचीच असत असेही नाही. सर्बियाच्या दुसऱ्या राजघराण्याचा संस्थापक मिलोश हा तेओदोरचा मुलगा, म्हणजे तेओदोरोविच. आईच्या पहिल्या नवऱ्याचे नाव ओब्रेन. त्या घरचा सावत्र भाऊ मिलान नावारूपाला आला होता, म्हणून मिलोशने त्याचे ओब्रेनोविच हे आडनाव उचलले आणि ज्याच्याशी रक्ताचा संबंध नव्हता अशा माणसाचे नाव एका राजवंशाला मिळाले. मातृनामांचीही उदाहरणे आहेत. मारिच म्हणजे माराचे लेकरू. बाप लवकर गेलेल्या घरात आईच कर्ती असे, आणि मुले तिच्या नावाने ओळखली जात.

मराठी मुलुखातही जुना पाया हाच होता. शिवाजी महाराजांच्या संस्कृत मुद्रेत भोसले हे आडनाव नाही. शहाजींचा पुत्र शिव अशीच ओळख तिच्यात आहे. अष्टप्रधानांची नावे पाहिली तर हा प्रघात अधिकच स्पष्ट होतो. न्यायाधीश निराजी रावजी, म्हणजे रावजींचे पुत्र निराजी. त्यांचे चिरंजीव प्रल्हाद निराजी, ज्यांना राजाराम महाराजांनी जिंजीला प्रतिनिधिपद दिले. सर्बियातल्या पेत्रोविच-योवानोविचसारखीच ही साखळी आहे. तशीच दुसरी साखळी अमात्यांच्या घराण्यात सापडते. सोनोपंतांचे पुत्र निळो सोनदेव, आणि निळोपंतांचे पुत्र रामचंद्र नीलकंठ, म्हणजेच आज्ञापत्राशी ज्यांचे नाव जोडले गेले ते रामचंद्रपंत अमात्य. पेशवाईत बाजीराव बल्लाळ आणि बाळाजी जनार्दन ही नावेही याच घडणीची. कागदावर माणूस ओळखायला स्वतःचे आणि बापाचे अशी दोन नावे पुरत. गावकीच्या कागदांत या दोन नावांमध्ये ‘बिन’ किंवा ‘वलद’ हा फारसी दप्तरातून आलेला शब्द येई.

पाया एक असूनही इमारत वेगळी उभी राहिली. रामचंद्रपंतांच्या वंशजांनी ‘नीलकंठे’ किंवा ‘सोनदेवे’ असे आडनाव घेतले नाही. गगनबावड्याच्या जहागिरीवरून ते बावडेकर झाले. मराठी समाजात कायमच्या नावाची गरज आधीच दुसऱ्या गोष्टी भागवत होत्या. वतन असेल तर पाटील, कुलकर्णी, देशमुख. गाव सोडले तर गावाला ‘कर’ लावायचा. लढवय्या घराण्यांत कुळाचे नाव आणि त्यासोबत देवक. सारखे देवक असलेल्या दोन घरांत सोयरीक होत नसे. ज्याला हे काहीच नसे त्याच्या नशिबी धंद्याचे किंवा टोपणनाव येई. इतक्या पर्यायांच्या गर्दीत बापाच्या नावाला आडनावाच्या जागेवर बसण्याचे कारण उरले नाही, आणि त्याची मधली जागा पक्की झाली. शाळेच्या दप्तराने हीच रीत पुढे नेली. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत झालेली नोंद ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी आहे. मधले रामजी हे वडिलांचे नाव. रामजींचे स्वतःचे नाव रामजी मालोजी सकपाळ, तिथे मधले मालोजी हे आजोबा. शेवटचा शब्द कुळावरून गावाकडे वळला, पण मधली साखळी तुटली नाही.

चांद्याच्या झाडीत ही तीन शब्दांची पद्धत निदान एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून दिसते. १८५८ साली इंग्रजांविरुद्ध उठलेले आणि त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला चंद्रपूरला फाशी गेलेले मोलमपल्लीचे जमीनदार इतिहासात बाबूराव पुल्लेश्वर शेडमाके या नावाने ओळखले जातात. बाबूराव स्वतःचे, पुल्लेश्वर वडिलांचे, शेडमाके कुळाचे.

कुरखेडा हा सती नदीकाठचा तालुका. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला, तेव्हापासून तो त्या जिल्ह्यात आहे. १९९२ साली त्यातून कोरची तालुका वेगळा झाला. गेवर्धा, सोनसरी, पलसगड, कोरची, कोटगुल ही या भागातली जुनी जमीनदारी गावे. गोंड, हलबा, कंवर, कुणबी, तेली, ढिवर, गोवारी, बौद्ध अशी इथली वस्ती. मराठी, झाडीबोली, गोंडी आणि पूर्वेकडून आलेली छत्तीसगढी या बोली एकाच बाजारात ऐकू येतात. आडनावांचा संग्रह करणाऱ्याला एवढ्या लहान मुलुखात इतका माल दुसरीकडे क्वचितच मिळेल.

गोंडांचे आडनाव म्हणजे कुळाचे नाव. मडावी, आत्राम, कोवे, कुमरे, उईके, गेडाम, नैताम, टेकाम, पेंदाम, हलामी, उसेंडी, नरोटे, तुलावी ही त्यांतली काही. ही कुळे देवांच्या संख्येनुसार गटांत वाटलेली आहेत : चार देवे, पाच देवे, सहा देवे आणि सात देवे. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात शेजारच्या आदिलाबाद भागात राहून राजगोंडांचा अभ्यास केला, तेव्हा त्याने या गटांची नालवेन, सिवेन, सरवेन आणि येरवेन अशी गोंडी नावे नोंदवली. एकाच गटातले सगळे एकमेकांचे भाऊबंद, त्यांच्यात लग्न होत नाही. दुसऱ्या गटातले सोयरे. म्हणून सोयरीक बघायला आलेल्या पाहुण्याला आधी ‘किती देवांचे?’ हे विचारले जाते, आणि आडनाव कळले की पुष्कळदा उत्तर आपोआपच मिळते.

बापाचे नाव इथे आडनाव का होऊ शकत नव्हते याचे उत्तर याच प्रश्नात आहे. गोंड समाजाने १८५१ च्या सर्बियासारखे आजोबा-पणजोबाच्या नावाचे आडनाव केले असते, तर तिसऱ्या-चौथ्या पिढीत कोण भाऊबंद आणि कोण सोयरा हे नावावरून ओळखताच आले नसते. आडनाव हे इथे वंशाचे शोभेचे पद नाही. लग्नाचा कायदा त्याच्यावर उभा आहे, म्हणून त्याला बदलण्याची मोकळीक नाही. सर्बियन शेतकऱ्यांनी हा पेच वेगळ्या रीतीने सोडवला. तिथे प्रत्येक घराण्याचा एक संत ठरलेला असतो. त्याचा सण, ज्याला ते स्लावा म्हणतात, बापाकडून मुलाकडे येतो. आडनाव वेगळे झाले तरी एकाच संताचा स्लावा पाळणारी घरे मूळची एक असावीत असे लोक ओळखत. म्हणजे कुळाची आठवण तिथे संताच्या सणात राहिली आणि आडनाव बापाच्या नावाला मोकळे झाले. इथे देव आणि आडनाव एकमेकांना बांधलेले राहिले.

गोंड कुळनावांचा अर्थ लावताना एक चूक वारंवार होते, तिची दखल घेणे भाग आहे. आत्राम, मेश्राम, तुमराम ही आडनावे वाचली की शेवटी ‘राम’ दिसतो, आणि ती रामाच्या किंवा ‘राम’ नावाच्या पूर्वजाच्या नावावरून आली असे सहज सांगितले जाते. ते चुकीचे आहे. टेकाम, मरकाम, नैताम, गेडाम, सिडाम, तोडसाम ही नावे त्यांच्या शेजारी ठेवली की प्रत्यय ‘आम’ हा आहे हे लगेच कळते. टेकाम हे टेका म्हणजे सागाच्या झाडावरून, मरकाम हे मरका म्हणजे आंब्यावरून. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जातीजमातींच्या ग्रंथात हे अर्थ आलेले आहेत. झाड, प्राणी आणि कूळ यांचे हे नाते गोंडांच्या श्रद्धेचा भाग आहे. ‘आत्राम’मधला ‘र’ मूळ शब्दाचा आणि ‘आम’ कुळाचा. आदिलाबादजवळच्या केस्लापूरला नागोबाची मोठी जत्रा भरवण्याचा मान मेश्राम कुळाचा आहे. हायमेनडॉर्फने ते नाव ‘मेसराम’ असे ऐकले आणि लिहिले. ‘श्र’ हा मराठी लेखणीने घातलेला आहे. मेश्राम हे आडनाव विदर्भातल्या बौद्धांमध्येही मोठ्या संख्येने आहे, यावरून कुळनावे जातींच्या सीमा ओलांडून किती दूर गेली हेही दिसते. ‘राम’ शेवटी असलेली खरी व्यक्तिनामे, म्हणजे सुखराम, बुधराम, धनीराम, ही छत्तीसगढच्या बाजूची. ती माणसाची नावे आहेत, कुळाची नाहीत, आणि दोन्हींची गल्लत करणे म्हणजे एका समाजाचा इतिहास दुसऱ्याच्या खात्यावर मांडणे आहे.

व्यक्तिनामांचा साठा या भागात मर्यादित होता. जन्मवारावरून नाव ठेवण्याची चाल मध्य भारतातल्या आदिवासींत आणि शेतकऱ्यांत सर्वत्र होती : सोमा, मंगरू, बुधू, सुकरू, इतवारी. आठवड्याचे वार सातच, तेव्हा एका गावात तीन-चार सोमा असणे अगदी साहजिक. त्यांतले दोघे मडावी असले तर कुळाच्या नावानेही काम भागत नसे. मंगरूचा सोमा आणि इतवारीचा सोमा अशी बापावरून ओळख पटवावी लागे. कुळाचे नाव सोयरिकीसाठी आणि बापाचे नाव गावातल्या रोजच्या व्यवहारासाठी, अशी ही वाटणी होती. ती सरकारने घालून दिलेली नव्हती. दप्तर आले तेव्हा ती आधीपासून चालत होती.

नागपूरचे राज्य १८५४ साली खालसा झाले आणि चांदा इंग्रजी अंमलाखाली आला. १८६६ साली मध्य प्रांताची पहिली शिरगणती झाली. मेजर ल्युसी स्मिथ याने चांदा जिल्ह्याच्या जमीन महसुलाची पहिली मोठी बंदोबस्त-तपासणी करून १८६९ साली अहवाल दिला. या कामांतून गावोगावचे जमीन कसणारे, मालगुजार आणि जमीनदार कागदावर उतरू लागले. विदर्भातल्या महसुली कागदाचा साचा ठरलेला होता : स्वतःचे नाव, ‘वल्द’, बापाचे नाव, जात, राहणार अमुक मौजा. बाईचे नाव असेल तर ‘जौजे’ लिहून नवऱ्याचे नाव, आणि नवरा वारलेला असेल तर ‘बेवा’. ‘सोमा वल्द मंगरू, जात गोंड’ एवढीच नोंद पुष्कळ ठिकाणी दिसते. आडनावाची जागा त्या साच्यात नव्हतीच. म्हणजे घरात आणि सोयरिकीत जिवंत असलेले कुळाचे नाव सरकारी कागदावर कित्येक वर्षे गैरहजर राहिले, आणि कागदावर फक्त बाप दिसत राहिला.

याच दप्तरातले सर्वांत बोलके पुस्तक म्हणजे कोतवाल बुक. गावचा कोतवाल जन्ममृत्यूची खबर देई आणि ती या बुकात उतरे. जन्माच्या नोंदीत पुष्कळदा बाळाचे नाव नसे, कारण बारसे व्हायचे असे. बापाचे नाव, त्याची जात, तारीख आणि मुलगा की मुलगी, एवढेच लिहिले जाई. पुढे हे बाळ शाळेत गेले, तर दाखल-खारीज रजिस्टरात त्याचे पूर्ण नाव पहिल्यांदा लिहिले जाई, आणि तिथे गुरुजी आडनाव विचारत. कुळाचे नाव सरकारी कागदावर कायमचे चढले ते बहुतेक घरांत या क्षणी. गुरुजी मराठी, सांगणारा बाप गोंडी बोलणारा. एकाच घराच्या दोन मुलांची आडनावे दोन तऱ्हेने लिहिली गेली ती अशाच ठिकाणी : सिडाम आणि शिडाम, नैताम आणि नेताम, मडावी आणि मडावे.

हा लेखनभेद पुढे महागात पडला. अनुसूचित जमातींचा राष्ट्रपतींचा आदेश ६ सप्टेंबर १९५० चा. जात पडताळणीत त्या तारखेआधीचे कागद सर्वांत वजनदार मानले जातात, म्हणून कुरखेड्याच्या तहसीलकडे आणि गडचिरोलीच्या तपासणी समितीकडे जाणाऱ्या फायलींत कोतवाल बुकाच्या, दाखल-खारीजच्या नकला असतात, आणि जोडीला थोड्या नंतरच्या, १९५४-५५ च्या अधिकार अभिलेखाच्याही. जुन्या नोंदीत आडनाव नसले, तर पणजोबा ते अर्जदार ही ओळ जोडायला हाताशी राहतो तो फक्त ‘वल्द’. आजोबाच्या नोंदीत बाप म्हणून आलेले नाव पणजोबाच्या नोंदीत स्वतःचे म्हणून यावे लागते. ते जुळले की वंशावळ उभी राहते. २००६ च्या वनहक्क कायद्यातही तसेच आहे. दाव्याच्या अर्जात आई-वडिलांच्या नावाचा रकाना आहे, आणि बिगर-आदिवासी पारंपरिक वननिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, दाखवाव्या लागतात. तीन पिढ्या म्हणजे तीन ‘वल्द’. आडनाव नव्हते त्या काळातही माणसाचा माग लागतो, तो या चालत्या नावामुळे.

बापाचे नाव खरोखर गोठलेले पाहायचे असेल तर त्याच मुलुखात थोडे दक्षिणेकडे पाहावे लागते. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या बाजारपेठांत ‘वार’ शेवटी असलेली आडनावे खूप आहेत. महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झालेले मारोतराव सांबशिव कन्नमवार याच चंद्रपूरचे. हा ‘वार’ तेलुगूतला ‘वारु’. तेलुगूत एखाद्या घराण्याचा आदराने उल्लेख करताना घराच्या नावापुढे तो लावतात. मराठीत ‘अमक्यांच्या घरचे’ म्हणावे तसे. तेलुगू पद्धतीत घराण्याचे नाव आधी आणि माणसाचे नंतर येते. ही घरे मराठी मुलुखात व्यापारासाठी स्थिरावली तसे ते शेवटी गेले आणि ‘वार’ त्याला कायमचा चिकटला. या आडनावांतली काही गावावरून आलेली आहेत, काही वस्तूवरून. पण रामशेट्टीवार, गंगशेट्टीवार, नागशेट्टीवार यांची घडण वेगळी आहे. शेट्टी हे वाण्याचे आदराचे पद, आणि त्याआधी राम, गंग, नाग हे माणसाचे नाव. कोण्या एका रामशेट्टीच्या घरचे ते रामशेट्टीवार. पेतारच्या घरचा पेत्रोविच आणि रामशेट्टीच्या घरचा रामशेट्टीवार यांत रचनेचा फरक काहीच नाही. कुरखेड्याचा माणूस किराणा घ्यायला ज्या दुकानात जातो त्याच्या पाटीवर असे नाव असू शकते, आणि त्याचे स्वतःचे नाव मात्र झाडाचे किंवा देवाचे असते.

मराठी मुलुखाच्या दुसऱ्या टोकाला, बेळगाव भागात, कानडीतून आलेला ‘अवर’ हेच काम करतो. सिद्दण्णवर, हनुमण्णवर, रामण्णवर : सिद्दण्णा, हनुमण्णा, रामण्णा या पूर्वजांच्या घरचे. तेलुगू ‘वारु’ आणि कानडी ‘अवर’ हे एकाच द्राविडी कुटुंबातले आदरार्थी शब्द. मराठीच्या पूर्व आणि दक्षिण सीमेवर पूर्वजाचे नाव आडनाव झाले ते या दोन भाषांच्या शेजारामुळे.

मराठीच्या पोटातून अशी आडनावे निघालीच नाहीत असे मात्र नाही. शेवटी ‘ए’ घेणारी आडनावे विदर्भात विपुल आहेत. त्यांतली रामटेके, खोब्रागडे यांसारखी स्थळाकडे बोट दाखवतात. सुखदेवे, गोपाळे अशी काही मात्र पूर्वजाच्या नावावरून आलेली दिसतात. इथे अडचण अशी की मराठी माणसाची नावे बहुतेक देवांचीच असतात. नागदेवे म्हणजे नागदेव नावाच्या माणसाचे वंशज की नागदेवाचे पूजक, हे आडनावावरून ठरत नाही. असे प्रश्न वंशावळीच सोडवू शकतात. बोलण्यात मात्र पूर्वजाचे नाव खेडोपाडी अजून घर सांभाळून आहे. एकाच आडनावाची दहा घरे असलेल्या गावात ‘रामाजीच्या घरचे’, ‘गोविंदाच्या वाड्यातले’ असेच ओळखले जाते. हे नाव कागदावर कधी चढत नाही. दोन-तीन पिढ्यांनी रामाजीच्या जागी दुसरा कोणी येतो.

गोव्यात आणि वसईत गोष्ट निराळी. १५१० मध्ये पोर्तुगिजांनी गोवा घेतला आणि पुढच्या शतकभरात बार्देस आणि सासष्टीत मोठी धर्मांतरे झाली. नव्या ख्रिस्ती माणसाला बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्र्याचे किंवा धर्मपित्याचे आडनाव मिळे. पोर्तुगीज आडनावांत ‘एस’ हा शेवट म्हणजे त्यांचा ‘इच’. फर्नांदोचा फर्नांडिस, रोद्रिगोचा रॉड्रिग्ज, गोन्सालोचा गोन्साल्विस, लोपोचा लोपीस, आल्वारोचा आल्वारिस, नुनोचा नुनिस. पेरेरा, सिल्वा, डिसोझा ही मात्र झाडा-रानाची किंवा स्थळाची. म्हणजे वसईच्या एखाद्या वाडीतल्या फर्नांडिस घराण्याच्या आडनावात एक पूर्वज आहे खरा, पण तो इबेरियातला, मध्ययुगातला. त्या घराचा नव्हे. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई घेतली तेव्हा ही आडनावे इतकी मुरलेली होती की ती तशीच राहिली. परक्या बापाचे नाव आडनावात आणि स्वतःच्या बापाचे नाव मधल्या जागी, अशी दोन पितृनामे एकाच माणसाच्या नावात आल्याची उदाहरणे वसईत सहज मिळतात.

फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या आणि उल्हासनगरसारख्या वसाहतींत स्थिरावलेल्या सिंधी कुटुंबांनी महाराष्ट्रात पितृनामाचा आणखी एक प्रकार आणला. मीरचंदचे मीरचंदानी, कृपालचे कृपलानी, वासूचे वासवानी. ‘आणी’ म्हणजे अमक्या पूर्वजाची संतती. या आडनावांतले पूर्वज बहुतेक पाच-सात पिढ्यांआधीचे, म्हणून सिंधी आडनावातून घराण्याचा मूळ पुरुष पुष्कळदा आजही सांगता येतो. कुरखेड्याच्या मडावी घराला हे शक्य नाही. त्याचे मूळ एका माणसात नाही, देवांच्या एका गटात आहे.

मधल्या जागेचा इतिहास अजून संपलेला नाही. त्या जागेवर आजवर बाप होता, आणि लग्न झालेल्या बाईच्या नावात नवरा. महाराष्ट्र शासनाने मार्च २०२४ मध्ये घेतलेल्या निर्णयानुसार १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या सरकारी कागदपत्रांत नावाचा क्रम बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा आहे. कोतवाल बुकात बाळाची आई क्वचितच नोंदली जाई. ज्या घरात ‘बेवा’ या एका शब्दापलीकडे आजीची ओळख राहिली नाही, त्या घरांसाठी हा बदल फार मोठा आहे. पुढच्या पिढ्यांना आपल्या घरातल्या बायका तरी नावाने सापडतील.

जुन्या दप्तरांतला मधला शब्द मात्र नष्ट होण्याच्या मार्गावर आहे. कोतवाल बुके आणि दाखल-खारीज रजिस्टरे जीर्ण झाली आहेत, पाने सुटली आहेत, शाई उडते आहे. कुरखेडा, कोरची, धानोरा या तालुक्यांतल्या ज्या शाळांकडे आणि कार्यालयांकडे स्वातंत्र्यापूर्वीची रजिस्टरे आहेत, त्यांच्या प्रती तातडीने निघाल्या पाहिजेत, आणि त्या काढताना कुळांची नावे मराठी वळणावर न सुधारता जशी लिहिली आहेत तशीच ठेवली पाहिजेत. प्रत्येक घरातल्या वडीलधाऱ्या माणसाकडून आजोबा, पणजोबा आणि त्यांच्या बायका यांची नावे आणि देवांची संख्या आजच लिहून घ्यावी, कारण ती सांगू शकणारी माणसे आता प्रत्येक गावात थोडीच उरली आहेत.